होम ऑडिओ: ग्राफ बघून घ्यावं की कानांनी ऐकून? नाशिककरांचं मत हवंय

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला राहतो, हॉल १६ बाय १० फुटांचा, एका बाजूला गॅलरीचं सरकतं काचेचं दार आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. ऐकणं म्हणजे मुख्यतः खयाल, नाट्यसंगीत, थोडं जुनं हिंदी आणि कधीतरी घरी सिनेमा. आजवर ब्लूटूथच्या छोट्या डब्यावर भागवलं, आता स्पीकरची बरी जोडी आणि एक अँप (अँप्लिफायर) घ्यायचाय आणि तो एकदाच घ्यायचाय.

दुकानात जाऊन दोन जोड्या ऐकल्या. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही नाहीतर सगळा धागा त्यावरच जाईल, आपण अ आणि ब म्हणू. अ चा आवाज एकदम भरलेला, गायकाचा गळा गोल, डग्गा छान घुमत होता. ब त्यामानाने कोरडा वाटला. मग घरी येऊन नेटवर दोन्हींची मोजमापं शोधली, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती मोठा येतो त्याचे ग्राफ, तर ब चा ग्राफ जवळपास सरळ आणि अ ला १०० हर्ट्झच्या आसपास उंचवटा, ३ किलोहर्ट्झपाशी खड्डा. दुकानदार म्हणतात कान तुमचा आहे, ग्राफ कोण ऐकतं? ऑफिसातला मित्र म्हणतो ग्राफ बघ आणि सरळ ऑर्डर कर, दुकानात जायचीच गरज नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय म्हणून अडकलोय.

अँपचंही तेच, लहान क्लास डी (कमी तापणारी, छोटी जात) घ्यावा की त्याच्या चौपट किमतीचा मोठा? कुणी दोन्ही बाजूंनी विचार केलाय का?

तानपुरा_जवारी
मी पंचवटीत गाणं शिकवते, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकते, कान. विद्यार्थ्याचा गंधार लागला की नाही हे मी ट्यूनरच्या सुईवर ठरवत नाही. मोबाईलवरच्या अॅपमध्ये सूर बरोबर दाखवतो आणि तरी तो गंधार त्या रागाचा नसतो, हे माझं रोजचं आहे. दरबारीचा गंधार आंदोलित असतो, तो एका आकड्यावर उभाच राहत नाही, त्याला सुई काय करणार.

स्पीकरचंही तसंच वाटतं मला. ज्यावर तानपुरा लावला की डोळे मिटावेसे वाटतात तो स्पीकर चांगला. मंद्रसप्तक, तुम्हाला अ आवडला ना, मग तुम्ही स्वतःच्या कानाला खोटं का पाडताय? आकडा बघितल्यावर ब चांगला वाटायला लागला, म्हणजे तुमचं ऐकणं आता त्या ग्राफने बिघडवलंय असं मी म्हणेन.

ओहमचा_नियम
ताई तुमचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. ग्राफ बघितल्याने ऐकणं बदलतं. पण मग किंमत बघितल्याने, लाकडी फिनिश बघितल्याने, दुकानदाराने "हा आमचा बेस्ट सेलर" म्हटल्यानेही बदलतंच की. मी सातपूरला एका कंपनीत कॅलिब्रेशनमध्ये आहे, दिवसभर हेच काम, की वाचणारा माणूस आणि वाचलेला आकडा यात काय काय घुसतं.

यावर नीट काम झालेलं आहे. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकरवर संशोधन करायचे, १९९१ ला ते हर्मन या ऑडिओ कंपनीत गेले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच ऐकणारे ४० जण, एकदा स्पीकर डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्यामागे. लहान, स्वस्त दिसणारी सिस्टिम पडद्यामागे चांगले मार्क मिळवत होती आणि समोर दिसली की तिचे मार्क घसरत होते. आणि हे ऐकणारे त्याच कंपनीत काम करणारे लोक होते.

म्हणून मंद्रसप्तक, माझा प्रश्न तुम्हाला. दुकानात अ आणि ब एकाच आवाजाला वाजवले होते का? म्हणजे मोजून? नसेल तर ती तुलनाच झाली नाही असं समजा. दोन सारख्याच गोष्टींमधली एक अर्धा-एक डेसिबल मोठी असली तर माणसाला ती "मोठी" वाटत नाही, ती "चांगली" वाटते. भरलेली, मोकळी, जिवंत, असले शब्द आपोआप सुचतात. अ ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो ते) जास्त असेल तर व्हॉल्यूमचं बटण तिथंच ठेवून स्पीकर बदलला तरी अ मोठाच वाजणार.

जुनी_कॅसेट
नाशिकरोडहून लिहितोय, वय ६८, रेडिओ-टेप दुरुस्तीत आयुष्य गेलं. दोघांनाही सांगतो की हे भांडण आजचं नाही.

१९७० च्या दशकात अँपच्या कंपन्यांमध्ये डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) कमी दाखवायची शर्यत लागली होती. ०.१ टक्के, मग ०.०१, मग त्याच्याही खाली. कागदावर सगळे अँप सारखे आणि उत्तम. पण तो आकडा बहुतेक पूर्ण पॉवरवर काढलेला असायचा, घरात आपण एक-दोन वॉटवर ऐकतो आणि तिथे क्लास एबी या नेहमीच्या जातीच्या अँपमध्ये क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (लाटेचा वरचा आणि खालचा भाग जुळतो तिथली विकृती) असेल तर ते बारीक आवाजातच जास्त टोचतं. कानाला त्रास व्हायचा आणि आकडा म्हणायचा सगळं ठीक. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ ला स्टिरिओफाइल मासिक काढलं ते यासाठीच, की बाकीची मासिकं आकडे छापतात, यंत्र ऐकायला कसं आहे ते कुणीच लिहीत नाही. म्हणजे कानवाल्यांची तक्रार खरी होती. पुढे त्याच मासिकात ऐकून लिहिलेल्या परीक्षणाबरोबर मोजमापंही छापायला लागले, हेही तेवढंच खरं.

आणि आपल्याकडे तर पीएमपीओ होतं, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा आकडा. हातात उचलता येणाऱ्या डब्यावर हजारो वॉट लिहिलेले. त्याला काही प्रमाण नाही, व्याख्या नाही. लोकांचा आकड्यांवरचा विश्वास उडाला तो अशा आकड्यांमुळे, मोजण्यामुळे नाही. आजही बॉक्सवर "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" छापतात आणि पुढे प्लस-मायनस किती डेसिबल ते लिहीतच नाहीत, तो आकडा वाचूच नका. गवंड्याची नजर कितीही तयार असली तरी तो ओळंबा लावतो, पण ओळंबा धड असला पाहिजे ना.

तानपुरा_जवारी
काका, छान लिहिलंत. ओहमदादा, पडद्याचा मुद्दा मी मान्य करते, मैफलीतही नाव ऐकून दाद देणारे भरपूर बघितलेत.

पण मला एक सांगा. जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, कशी मोजणार? घोडीवर सुताचा धागा केसभर सरकवला की तानपुरा बोलायला लागतो. आमच्या गुरुजींना पलीकडच्या खोलीतून कळायचं की जोडाच्या एका तारेची जवारी गेलीये. सी. व्ही. रामन यांनीसुद्धा १९२१ मध्ये तानपुऱ्यावर लिहिलं ते काय होतं? तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर ज्या स्वरांशाची (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुराची) गाठ पडते, म्हणजे जिथे तो हलतच नाही, तो स्वरांश ऐकू येऊ नये असा जुना नियम होता, यंग आणि हेल्महोल्ट्झचा. तानपुऱ्यात तो स्वरांश ठणठणीत ऐकू येतो. म्हणजे शास्त्र म्हणत होतं नाही, आणि कान म्हणत होता आहे. कान बरोबर निघाला. कारण सपाट घोडीवर तार घासत घासत वाजते आणि नियम त्या घोडीसाठी लिहिलेलाच नव्हता.

मला हेच म्हणायचंय, ऐकू येतंय पण मोजमापात दिसत नाहीये असं झालं तर आधी मोजमापावर शंका घ्या.

ओहमचा_नियम
ताई हे उदाहरण इतकं चांगलं आहे की मी ते माझ्या बाजूने वापरणार आहे, राग मानू नका. रामन यांनी कान बरोबर म्हणून सोडून नाही दिलं. तो स्वरांश कुठून येतो ते शोधलं. त्याच्या आदल्या वर्षी १९२० ला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'नेचर'मध्ये मृदंग-तबल्यावर लिहिलं, की साध्या चामड्याच्या ढोलाचे स्वरांश एकमेकांशी जुळत नाहीत पण शाईमुळे तबल्याचे जुळतात, म्हणून तबला सुरात लागतो. तबला सुरात लागतो हे आपल्या लोकांना शतकानुशतकं माहीत होतंच. शाई काय काम करते ते मोजल्यावर कळलं.

स्पीकरच्या बाबतीत नेमकं हेच झालंय आणि हे लोकांना सांगितलं जात नाही. लोकांना वाटतं कुणीतरी लॅबमध्ये बसून ठरवलं की सरळ रेषा म्हणजे चांगलं. तसं नाहीये हो. टूल आणि ऑलिव्ह यांनी आधी माणसांना पडद्यामागे बसवून ऐकवलं, कुठला आवडला ते विचारलं आणि मग आवडलेल्या स्पीकरांच्या मोजमापांमध्ये सारखं काय आहे ते शोधलं. २००४ च्या पेपरमध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकर घेतले आणि फक्त ग्राफवरून लोकांची पसंती किती ओळखता येते ते काढलं, सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे ग्राफ हा कानाच्या विरुद्ध पक्षातला नाहीये, तो कानांच्याच साक्षीवरून लिहिलेला आहे. ज्या ग्राफच्या मागे ऐकणारी माणसं नाहीत तो मीही बाजूला ठेवतो. टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शनचा (अँपवर छापतात त्या विकृतीच्या टक्क्याचा) एकच आकडा हा तसा आहे, कारण कान दुसऱ्या हार्मोनिकला, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या जादा सुराला, सहज माफ करतो आणि सातव्याला करत नाही, आणि तो आकडा दोघांची एकत्र बेरीज करून मोकळा होतो.

मंद्रसप्तक, तुम्ही ब चा कुठला ग्राफ बघितलात? फक्त समोरून मोजलेला की स्पिनोरामा? स्पिनोरामात आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मोजतात. बाजूला फेकला जाणारा आवाज कसा आहे ते त्यातच दिसतं आणि घरात आपल्या कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवरून आलेला असतो.

मंद्रसप्तक
स्पिनोरामाच होता, दोन्हींचा. अ चा ३ किलोहर्ट्झचा खड्डा बाजूने बघितला की खड्डा राहत नाही, उलट तिथे आवाज फुगलेला दिसतो. ब ची बाजूची रेष हळूहळू उतरत जाते.

साउंडवाला_सिडको
मी सिडकोत राहतो, पीए साउंडचं (कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचं) काम आहे. लग्नं, ऑर्केस्ट्रा, सभा, गोदाघाटावरची व्याख्यानं सगळं केलंय. एवढा वेळ वाचतोय आणि एकानेही हॉलचं विचारलं नाही. स्पीकर अ असो की ब असो, ३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकर ऐकतच नाही, तुम्ही तुमची खोली ऐकता.

हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दुपटीने भागा. तुमची लांबी १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, पहिला रेझोनन्स (जिथे खोली स्वतः घुमते ती फ्रिक्वेन्सी) ३५ हर्ट्झला, दुसरा ७० ला. रुंदी १० फूट, तिचा ५६ ला. छतही १० फूट असलं तर तोही ५६ लाच, म्हणजे दोन एकावर एक. आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, भिंतीपाशी लांबीचे सगळे रेझोनन्स कमाल असतात. आता अ ला मुळातच १०० च्या आसपास उंचवटा आहे आणि त्याचा पोर्ट (बेससाठीचं भोक) मागच्या बाजूला असेल तर समोरच्या भिंतीला लावल्यावर तो अजून चढणार. दुकानात गालिचा होता का, तुम्ही मधोमध खुर्चीवर बसला होता का? तिथे गोड वाटलेला घुमारा घरी रवंथ करत बसेल.

उघड्यावर काम केलं की हे लगेच कळतं. नेहरू चौकात पिंपळपारावर पाडवा पहाटेला भिंतीचा तसा काही प्रश्न नसतो, तिथे तबला लावला की डग्गा स्वच्छ येतो, तोच सेट बंद हॉलमध्ये नेला की आधी खालचं कापावं लागतं. मी इक्यू (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमीजास्त करणं) कानाने करत होतो, आता आधी माइक लावून मोजतो आणि मग कानाने. वेळ वाचतो. कान दिवसभरात थकतो, माइक थकत नाही.

गोदाकाठ
मध्येच विचारतो, स्पीकर वायर चांगली घ्यावी लागते का? दुकानात मीटरला दोन हजाराची दाखवली.

ओहमचा_नियम
गोदाकाठ, २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या. ५ मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, तिचा रोध जेमतेम ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्याने ०.१ डेसिबलचाही फरक पडत नाही. प्लस-मायनस दोन्ही स्पीकरांना सारखं जोडा म्हणजे झालं. उरलेले पैसे गालिच्यात घाला.

नकाशावाली
गालिचा म्हटलं म्हणून लिहिते, मी आर्किटेक्ट आहे. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत पुट्टी मारलेल्या भिंती, जिप्समचं छत आणि काचेचं सरकतं दार, म्हणजे आवाज शोषणारं काही नाहीच. टाळी वाजवून बघा, भिंतींमध्ये तर्रर असा थरथरता आवाज आला तर तोच तुमच्या गायकाच्या प्रत्येक व्यंजनावर बसणार.

जुन्या वाड्यात माती-विटांच्या भिंती, लाकडी पाटणी, जाजम, लोड-तक्के, माणसं बसलेली. तिथली बैठक कानाला मऊ वाटायची त्याला कारण होतं. पण एक लक्षात घ्या, पातळ पडदा किंवा सतरंजी फक्त वरचा आवाज खाते. खाली काहीच होत नाही आणि मग खोली अजूनच बोदी वाटते. जाडी लागते. भरलेलं पुस्तकांचं कपाट, जाड गादी, कापडी सोफा हे खरं काम करतात. मंद्रसप्तक, सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे येऊ शकतो का? येत असेल तर स्पीकर घ्यायच्या आधी तेवढं करा. फुकट आहे.

मंद्रसप्तक
सोफा पुढे येईल. घरच्यांना विचारलं, झाडू मारायला उलट सोपं पडेल म्हणाले.

आणि एक चांगली बातमी. दुकानदारांनी दोन्ही जोड्या रविवारपुरत्या घरी न्यायला परवानगी दिलीये, डिपॉझिट ठेवून. ओहमदादा तुमच्याकडे माइक आहे म्हणालात मागे एका धाग्यात. या सगळे इंदिरानगरला, ताई तुम्ही तर याच. कसं करायचं ते लिहा म्हणजे तयारी करून ठेवतो.

ओहमचा_नियम
येतो. माइक यूमिक-१ हा मोजमापाचा आहे, त्याच्या प्रत्येक नगाची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल मिळते. मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉप मी आणतो. मोबाईलच्या माइकवर हे करू नका, तो बोलण्यासाठी ट्यून केलेला असतो, खालचा आवाज बऱ्याचदा आधीच गाळलेला असतो.

स्पीकरसाठी एक पातळ सुती ओढणी लागेल, जिच्यातून सहज फुंकर पलीकडे जाते अशी. त्यामागे अ आणि ब. एका वेळी एकच स्पीकर वाजवायचा, जोडी नाही. मोनोमध्ये माणसाला स्पीकरचा रंग जास्त स्पष्ट कळतो, स्टिरिओ झाला की ती जागा-बिगा छान वाटून दोष झाकले जातात, हेही टूल यांच्याच कामातून आलंय. ताई, यासाठी बापूराव पलुस्करांची रेकॉर्डिंग घ्या, ती मोनोच आहेत आणि माणूस नाशिकमध्ये जन्मलेला. पण सोबत एखादं नवं, पूर्ण पट्ट्यातलं रेकॉर्डिंगही हवं, जुन्यात सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं मुळात कमी असतं.

पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यातला सततचा खरखराट) लावून सोफ्यावरच्या माइकवर दोन्हींची पातळी जुळवू. दोन्ही स्पीकर एकाच जागी यायला हवेत, हर्मनमध्ये त्यासाठी स्पीकर सरकवणारं यंत्र आहे, आपल्याकडे साउंडवाले दादा आहेत. अदलाबदल पटकन व्हायला हवी, आवाजातल्या बारीक गोष्टी आपल्याला काही सेकंदच आठवतात.

अँपसाठी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघायचं, १०० हर्ट्झचा टोन लावून, कारण साधा मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खात्रीचा नसतो. एकाला २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्याला १.९८ ते २.०२ च्या आत. मग ओळखा कुठला वाजतोय. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी असते, तेव्हा फरक कळतोय असं म्हणू.

जुनी_कॅसेट
मी येतो पण मार्क द्यायला मला धरू नका. या वयात दहा-बारा हजार हर्ट्झच्या पुढचं जातं. टूल यांनीच दाखवलंय की ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांची मतं फेरीगणिक जास्त बदलतात. मी पडद्यामागे वायरी बदलायला बसतो.

तानपुरा_जवारी
रविवारचा वृत्तांत मी लिहिते, कारण ओहमदादांनी लिहिला तर ग्राफच येतील.

आधी अँप. क्लास डीचा छोटा आणि साउंडवाल्या दादांनी आणलेला मोठा जड अँप, व्होल्टेज जुळवून. नेहमीच्या आवाजाला आम्हा कुणालाच ओळखता आलं नाही, मलाही नाही. अगदी मध्यरात्रीसारखा हळू आवाज केला, काहीही लावलं नाही आणि ट्वीटरला (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या छोट्या भागाला) कान लावला तेव्हा मोठ्या अँपचा बारीक सूंऽऽ ऐकू आला. ओहमदादांनी तो मीटरवरही दाखवला. सोफ्यावर बसून तो ऐकू येत नव्हता.

मग स्पीकर. इथे फरक सगळ्यांना कळला, पहिल्या फेरीपासून. मी कागदावर "एक" आणि "दोन" असं लिहीत होते. "एक" वर तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या राहतात, तार संपताना जे वरचे स्वरांश एकेक करून उमलतात ते मोजता येतात. "दोन" वर तानपुरा सुंदर होता पण एक ढग होता, आणि पलुस्करांचा आवाज मला थोडा मागे, दाराआड वाटला. "एक" म्हणजे ब निघाला. दुकानात त्यांना कोरडा वाटलेला तोच.

पण डग्ग्याला माझा कौल "दोन" ला होता आणि तो मी बदलत नाहीये. तबलजी मनगट दाबून सूर वर नेतो तेव्हा खाली जो मांसलपणा हवा तो ब वर कमी पडला. पडद्यामागेही कमी पडला, प्रत्येक वेळी.

साउंडवाला_सिडको
ताईंनी डग्ग्याचं म्हटलं ते बरोबर आहे आणि ते माइकवरही आलं. सोफा भिंतीला होता तेव्हा दोन्ही स्पीकरांना ७० च्या जवळ मोठा डोंगर, अ वर तर डग्ग्याचा सूर त्या जागेवरून गेला की एकच ठोका बाकीच्यांवर ओरडायचा. सोफा अडीच फूट पुढे घेतला तसा डोंगर बराच बसला आणि तिथे ब ला १२० च्या खाली थोडं पातळ वाटायला लागलं. खालून हळूहळू चढणारा दोन-तीन डेसिबलचा शेल्फ (खालच्या सगळ्या आवाजाला दिलेली इक्यूची वाढ) लावला ओहमदादांनी लॅपटॉपवरून, ताईंना न सांगता, आणि पुन्हा पडद्यामागे ऐकवलं. ताईंनी कागदावर लिहिलं "हाच".

ओहमचा_नियम
यात एक गोष्ट खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाची. ब ला खाली बेस वाढवता आला, इक्यूने. अ चं उलटं करता येत नाही. त्याचा ३ किलोहर्ट्झचा समोरचा खड्डा इक्यूने भरला तर बाजूला आधीच फुगलेला आवाज अजून फुगतो आणि तो भिंतींवरून कानात येतो. आम्ही करून बघितलं, गळा समोर आला पण कर्कश झाला. बेस किती हवा ही आवड आहे, त्यात माणसागणिक फरक पडतो आणि पडू दे. बाजूला आवाज कसा जातो ही स्पीकरची बांधणी आहे, ती घरी आणल्यावर बदलत नाही. दुकानात जाण्याआधी ग्राफमध्ये बघायचं ते हे.

तानपुरा_जवारी
हे मान्य. पण तो शेल्फ दोन-तीन डेसिबलचाच हवा, पाच नको, हे कुठल्या ग्राफने सांगितलं? माझ्या कानाने सांगितलं. तेही लिहा की.

ओहमचा_नियम
लिहितो ताई, तुमच्याच कानाने सांगितलं. आणि पडद्यामागून सांगितलं म्हणून मी ते आकडा म्हणून वहीत उतरवून घेतलंय.

मंद्रसप्तक
ब जोडी घेतली, क्लास डी अँप घेतला. वाचलेल्या पैशांत खिडकीकडच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट करतोय, नकाशावाली ताईंनी कपाटाची खोली १४ इंच सांगितलीये. सोफा पुढेच राहिला. आता एकच राहिलं, स्टँड. रेडिमेड महाग आहेत आणि नाशकात फारसे मिळतही नाहीयेत. उंची किती धरू?

साउंडवाला_सिडको
सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत मोजा, साधारण ३६ ते ३८ इंच येईल. ट्वीटर त्या उंचीला यायला हवा, म्हणजे स्पीकरच्या तळापासून ट्वीटर जितका वर आहे तेवढं वजा करून स्टँड. अंबडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे चौकोनी पाइपचं करून मिळेल, पाइपमध्ये कोरडी वाळू भरून वरून वेल्ड करायला सांगा, नाहीतर पाइप स्वतः वाजतो. खाली चार बोल्ट उंची कमीजास्त करायला. टाइल्सवर बोल्टखाली रबराच्या चकत्या टाका.

मंद्रसप्तक
३७ आलं. उद्या अंबडला जातो.